धागा : तहहयात नेमणूक नसती, तर न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन टिकले असते का?

माजघर

गेले दोन महिने अमेरिकेतील अलाबामा राज्याचे न्यायाधीश फ्रँक मिनिस जॉन्सन यांच्याविषयी मिळेल ते वाचत आहे. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात; परंतु त्यांच्या चळवळीचे खटले ज्याच्यासमोर चालले, त्या माणसाचे नाव सहसा कुणी घेत नाही. म्हणून हा धागा.

जॉन्सन यांचा जन्म १९१८ सालचा, उत्तर अलाबामातील विन्स्टन या डोंगराळ परगण्यातला. अलाबामा विद्यापीठातून १९४३ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले, महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले आणि परत येऊन जॅस्पर या गावी वकिली करू लागले. १९५३ मध्ये ते संघ सरकारचे वकील झाले आणि १९५५ च्या शरद ऋतूत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीच्या संघीय जिल्हा न्यायालयावर नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३७ होते. १ डिसेंबर १९५५ रोजी त्याच शहरात रोझा पार्क्स यांना अटक झाली. म्हणजे खुर्ची नीट ऊबही धरली नव्हती, तोवर शतकातील एक मोठा वाद दारात येऊन उभा राहिला.

फेब्रुवारी १९५६ मध्ये चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी शहराच्या बसमधील वर्णभेदाविरुद्ध दावा लावला. तो 'ब्राउडर विरुद्ध गेल' या नावाने ओळखला जातो. त्यांतील क्लॉडेट कॉल्विन ही मुलगी अटकेच्या वेळी पंधरा वर्षांची होती. उलटतपासणीत शहराच्या वकिलांनी तिला पुन्हा पुन्हा विचारले, की तुमचा पुढारी कोण? किंग यांचे नाव तिच्या तोंडून काढायचे, एवढाच त्यामागचा हेतू होता. तिने उत्तर दिले, आमचे पुढारी आम्हीच. ५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्या बहुमतातील एक मत जॉन्सन यांचे होते.

पुढील तेवीस वर्षे त्यांनी मतदार नोंदणी, शाळा, मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा, ज्युरीतील स्त्रियांचा समावेश, मनोरुग्णालये आणि तुरुंग अशा विषयांवर निकाल दिले. त्यांच्या घरासमोर धमकी म्हणून क्रूस जाळण्यात आला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घराचे नुकसान झाले, त्या मात्र सुदैवाने बचावल्या. माझा प्रश्न असा, की हे धैर्य त्या माणसाचे होते, की 'तुला कुणी काढू शकत नाही' असे सांगणाऱ्या राज्यघटनेचे?

औदुंबर

धागा उत्तम. वाचनखूण साठवली आहे. सविस्तर प्रतिसाद रविवारी देईन.

मिशिगनकर

मी गेली अठरा वर्षे अमेरिकेत वकिली करतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. संघीय न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला मान्यता देते आणि त्यानंतर घटनेच्या शब्दांत 'सद्वर्तन असेपर्यंत' तो पदावर राहतो. त्याचा पगार कमी करता येत नाही. त्याला काढायचे तर महाभियोगच चालवावा लागतो आणि निकाल आवडला नाही म्हणून तो चालवण्याची प्रथा नाही. याउलट अलाबामातील राज्य न्यायालयांचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. जॉन्सन यांना मते मागत फिरावे लागले असते, तर १९५६ च्या निकालानंतर त्यांची अनामत रक्कमही परत मिळाली नसती.

याचा उत्तम पुरावा म्हणजे त्यांचे वर्गमित्र जॉर्ज वॉलेस. दोघे एकाच विद्यापीठात एकाच काळात कायदा शिकले. वॉलेस पुढे राज्याचे निवडून आलेले न्यायाधीश झाले. संघ सरकारच्या नागरी हक्क आयोगाने त्यांच्याकडे मतदार नोंदणीची दप्तरे मागितली, तेव्हा मी ती देणार नाही, अशी गर्जना त्यांनी केली. जॉन्सन यांनी अवमानाची नोटीस काढली. जॉन्सन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, वॉलेस रात्री त्यांच्या घरी आले आणि थोड्या दिवसांची शिक्षा द्या, राजकारणात उपयोग होईल, असे सुचवू लागले. जॉन्सन यांनी ते साफ नाकारले. अखेर वॉलेस यांनी ती दप्तरे मागच्या दाराने, ग्रँड ज्युरीच्या (खटला भरावा का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हातून, आयोगाकडे पोहोचती केली. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी हीच गोष्ट निकालात नोंदवली आणि अवमान झालाच नाही, म्हणून त्यांना सोडून दिले. बाहेर मात्र वॉलेस आपण संघ सरकारला नमवले, असे सांगत राहिले आणि १९६२ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले.

खडूस

म्हणजे हुतात्मा होण्याची इच्छा होती आणि न्यायाधीशाने निर्दोष सोडून पंचाईत केली. याहून कडक शिक्षा कुठल्याही संहितेत नसेल.

बाकी मिशिगनकरांचा सिद्धांत अर्धाच खरा आहे. तहहयात नेमणूक विल्यम हॅरल्ड कॉक्स यांनाही होती. १९६१ मध्ये केनेडी यांनी त्यांना मिसिसिपीत नेमले आणि त्यांनी भर न्यायालयात कृष्णवर्णीय मतदारांची तुलना चिंपांझींशी केली. तेही पदावरच राहिले. त्यामुळे ढाल सर्वांना सारखीच मिळते, पण तिच्या आड उभे राहून कोण काय करतो, हे घटनेत लिहिलेले नसते.

सातारकर_मनीषा

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. आपल्या वाचकांच्या मनात एक गोंधळ होण्याची शक्यता आहे, म्हणून लिहिते. 'जिल्हा न्यायाधीश' हा शब्द ऐकला, की आपल्या डोळ्यांपुढे आपले जिल्हा न्यायालय येते. आपल्याकडे केंद्राची आणि राज्याची न्यायालये वेगळी नाहीत. एकच उतरंड आहे. आपल्या जिल्हा न्यायाधीशांना ठरावीक वर्षांनी बदली असते, निवृत्तीचे वय असते आणि त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. एखादा कायदा घटनाबाह्य आहे, असे त्यांना वाटले, तर ते तो स्वतः रद्द करू शकत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ प्रमाणे तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. अमेरिकेत मात्र साक्षी नोंदवणारा, ज्युरीला समजावून सांगणारा, शिक्षा सुनावणारा आणि राज्याचा कायदा रद्द करणारा न्यायाधीश एकच असू शकतो. माझ्या मते जॉन्सन यांचे वैशिष्ट्य इथेच आहे. साक्षीदाराचा चेहरा त्यांनी स्वतः पाहिलेला असे.

एक शंका आहे. ब्राउडर खटल्यात दोन विरुद्ध एक असे बहुमत होते म्हणता, तर खटल्याच्या पातळीवर तीन न्यायाधीश कसे?

मिशिगनकर

@सातारकर_मनीषा, शंका अगदी योग्य आहे. राज्याच्या कायद्याच्या अंमलबजावणीला घटनेच्या आधारे मनाई हुकूम मागितला असेल, तर त्या काळी तीन न्यायाधीशांचे विशेष पीठ बसवावे लागे आणि त्यावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. १९७६ मध्ये ही पद्धत बहुतांशी बंद झाली. ब्राउडरच्या पीठावर जॉन्सन, अपील न्यायालयाचे रिचर्ड राइव्ह्ज आणि विरोधी मत देणारे सीबॉर्न लिन होते. चर्चेच्या वेळी सर्वांत कनिष्ठाने प्रथम मत द्यावे, असा प्रघात असल्याने जॉन्सन यांना आधी बोलावे लागले. त्यांनी आपले मत तिथल्या तिथे सांगितले आणि चर्चा दहाएक मिनिटांत आटोपली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि डिसेंबरमध्ये पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला, वर्षभराहून अधिक चाललेला बहिष्कार संपला.

जुना_पिंपळ

आरती ओवाळणे सुरू होण्यापूर्वी दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. टस्कीगी शहरातील कृष्णवर्णीय मतदारांना हद्दीबाहेर ठेवण्यासाठी राज्याने शहराची चौकोनी सीमा पुसून अठ्ठावीस बाजूंची विचित्र आकृती आखली. त्याविरुद्धचा 'गोमिलियन' दावा जॉन्सन यांनीच फेटाळला होता. हद्द ठरवणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे, ही त्यांची भूमिका. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला.

१९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सना, म्हणजे वर्णभेद मोडण्यासाठी बसमधून एकत्र प्रवास करणाऱ्या गोऱ्या-काळ्या कार्यकर्त्यांना, मारहाण झाली, तेव्हा त्यांनी कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना आणि माँटगोमेरीचे पोलीस यांच्याविरुद्ध मनाई हुकूम काढला, हे सर्व सांगतात. पण रायडर्सनाही त्यांनी काही काळ रोखले होते, हे कुणी सांगत नाही. सेल्माच्या वेळीही ७ मार्च १९६५ च्या रक्तरंजित रविवारनंतर, म्हणजे सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपल्यानंतर, त्यांनी प्रथम मोर्चा थांबवण्याचाच आदेश दिला. त्यामुळे ९ मार्चला किंग पुलापर्यंत गेले आणि प्रार्थना करून परत फिरले. चळवळीतील अनेकांना त्या वेळी हा न्यायाधीश आपला वाटला नव्हता.

माजघर

@जुना_पिंपळ, मुद्दे मान्य आहेत आणि मूळ लेखात ते यायला हवे होते. फक्त सेल्माबाबत एवढे नोंदवतो, की तो आदेश सुनावणी होईपर्यंतचा होता. त्यानंतर काही दिवस साक्षी झाल्या, पुलावरील लाठीमाराचे चित्रीकरण न्यायालयात दाखवण्यात आले आणि १७ मार्चला परवानगीचा निकाल आला. शांततेने मोर्चा काढण्याच्या हक्काची व्याप्ती ही ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा आहे, त्या अन्यायाच्या प्रमाणात असावी, असे सूत्र त्यांनी मांडले आणि इथे अन्याय प्रचंड आहे, असे स्पष्ट लिहिले. पण त्याच आदेशात, जिथे महामार्ग दोन पदरी आहे तिथे तीनशेहून अधिक माणसे चालणार नाहीत, अशी अटही आहे. मला हा बारकावा फार आवडतो. एका हाताने इतिहास घडत असताना दुसरा हात रस्त्याची रुंदी मोजत होता.

टिपूर

मी दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त माँटगोमेरीला गेलो होतो. १९९२ पासून तिथल्या संघीय न्यायालयाच्या इमारतीला जॉन्सन यांचेच नाव आहे. आश्चर्य वाटले ते शेजारची इमारत पाहून. जिथे २० मे १९६१ रोजी फ्रीडम रायडर्सना जमावाने झोडपले, तो ग्रेहाउंडचा जुना बस थांबा न्यायालयाला अगदी खेटून आहे. आता तिथे संग्रहालय आहे. मी फुटपाथवर उभा राहून सहज पावले मोजली, तर शंभरही भरली नाहीत. न्यायाधीशांच्या दालनाची खिडकी कुठल्या बाजूला होती, हे तिथल्या पहारेकऱ्याला विचारले. त्याने मला नम्रपणे पण ठामपणे पुढे जायला सांगितले.

प्राजक्ता_एडिसन

थोडा स्वानुभव लिहिते. नागरिकत्व मिळाल्यानंतर तिसऱ्याच वर्षी मला संघीय न्यायालयातून ज्युरीसाठी पत्र आले. खटला अगदी नीरस होता, विम्याच्या खोट्या बिलांचा. न्यायाधीश सत्तरीच्या घरातले होते. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला व्यवसाय, घरची माणसे, वर्तमानपत्र कोणते वाचता, असे विचारले आणि माझे आडनाव तीनदा म्हणून पाहिले. चौथ्यांदा ते जमले तेव्हा स्वतःच समाधानाने मान हलवली. नऊ दिवसांत त्यांनी आवाज एकदाही चढवला नाही. बारकोडच्या आकड्यांवरून दोन वकील भांडू लागले, की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत. तेवढ्याने दोघे गप्प होत. निकालानंतर ते स्वतः आमच्या खोलीत आले आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करून आभार मानले. या न्यायाधीशांच्या आयुष्यातील बहुतेक दिवस असेच आकड्यांचे आणि कंटाळ्याचे असणार, असे तेव्हा जाणवले. जॉन्सन यांच्याही न्यायालयात सेल्मा रोज येत नसणार.

जुना_पिंपळ

@प्राजक्ता_एडिसन, ज्युरीचा विषय काढलात म्हणून सांगतो. सेल्मा मोर्चा संपला त्याच रात्री, २५ मार्च १९६५ ला, डेट्रॉईटहून आलेल्या व्हायोला लिउझो यांना क्लॅनच्या माणसांनी धावत्या मोटारीतून गोळ्या घातल्या. राज्य न्यायालयात एका आरोपीच्या खटल्यात प्रथम ज्युरीचे एकमत झाले नाही आणि दुसऱ्यांदा तो चक्क सुटला. मग संघ सरकारने १८७० च्या कायद्याखाली नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला जॉन्सन यांच्यापुढे लावला. ज्युरी सर्व गोऱ्या पुरुषांची होती. आमचे एकमत होत नाही, असे ज्युरीने कळवले, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांना परत विचारविनिमयाला पाठवले. ३ डिसेंबरला तिघेही दोषी ठरले आणि प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर जॉन्सन यांनी ज्युरीला सांगितले, की माझ्या मते एवढाच निर्णय शक्य होता.

सातारकर_मनीषा

अवांतर : आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असे निर्दोष ठरवल्यावर सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय अमान्य करून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले होते. अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटले, की न्यायाधीशाचे हात बांधले जातात. म्हणून 'पुन्हा बसा' एवढे सांगणे हेच तिथे त्याचे शस्त्र असते.

खडूस

आता माझा खरा आक्षेप. न्यायाधीशाने कायदा सांगावा. संस्था चालवू नये. 'वायट विरुद्ध स्टिकनी' खटल्यात जॉन्सन यांनी १९७२ मध्ये अलाबामाच्या मनोरुग्णालयांसाठी आदेश काढला. एका खोलीत सहापेक्षा अधिक रुग्ण नकोत, आठ रुग्णांमागे एक शौचालय, पंधरा रुग्णांमागे एक न्हाणी. हा निकाल आहे, की सार्वजनिक बांधकाम खात्याची निविदा? आणि १९७० मध्ये लागलेला हा खटला संपला कधी, तर २००३ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. न्यायाधीश १९९९ मध्ये निवर्तले, तरी खटला चालूच! आमच्या घरच्या वाटणीच्या दाव्याला आता एकोणतीस वर्षे झाली. काका लोक उगाच निराश झाले होते, त्यांना हे सांगतो.

शेवगा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे इथे गप्प राहणे शक्य नाही. @खडूस, तुम्ही आकडे दिलेत, पण त्याआधीची स्थिती सांगितली नाहीत. टस्कलूसा येथील ब्राइस रुग्णालयात पाच हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. राज्य सरकार एका रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणावर पन्नास सेंटपेक्षा कमी खर्च करत होते. १९७० मध्ये सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले, म्हणून सुमारे शंभर कर्मचाऱ्यांना काढण्यात आले आणि त्यांतून हा दावा उभा राहिला. रिकी वायट हा पंधरा वर्षांचा मुलगा वादी झाला. जॉन्सन यांचा युक्तिवाद साधा होता. उपचारासाठी म्हणून एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडले आणि उपचारच दिले नाहीत, तर ती कैद झाली. त्यांनी लगेच शौचालये मोजली नाहीत. प्रथम सरकारला सहा महिन्यांची मुदत दिली आणि स्वतःच मानके ठरवून आणा, असे सांगितले. सरकारला ते जमले नाही, तेव्हाच तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन आदेश लिहिला गेला. ज्या खोलीत साठ खाटा एकमेकींना चिकटून असतात आणि दोन खाटांच्या मधून परिचारिकेला आडवे होऊन जावे लागते, तिथे मी प्रशिक्षणाच्या काळात काम केले आहे. 'आठामागे एक' या दोन शब्दांची किंमत मला ठाऊक आहे.

खडूस

शौचालयाचा मुद्दा मागे घेतो. तेहतीस वर्षांचा मागे घेत नाही.

औदुंबर

रविवार उलटून गेला, क्षमस्व. एवढे सगळे वाचून मला एकच शब्द सुचला : रामशास्त्री.

मिशिगनकर

@औदुंबर, तुलना मनाला भावते, पण नेमकी इथेच ती उलटी पडते. राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुणे सोडून निघून गेले, असे आपण ऐकत आलो. जॉन्सन यांनी निकाल दिले आणि ते तिथेच राहिले; त्याच शहरात, पहारा असलेल्या घरात. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयच्या संचालकपदासाठी निवडले होते, पण महारोहिणीच्या शस्त्रक्रियेमुळे ते होऊ शकले नाही. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले. तरीही दालन माँटगोमेरीतच ठेवले.

तहहयात नेमणुकीवरून आठवले, म्हणून एक गंमत. कॅन्ससचे न्यायाधीश वेस्ली ब्राउन यांना केनेडी यांनी १९६२ मध्ये नेमले. २०१२ मध्ये १०४ व्या वर्षी ते वारले, तेव्हाही ते पदावर होते. मला तहहयात किंवा सद्वर्तन असेपर्यंत नेमले आहे, यांतले जे आधी सुटेल तोवर, असे ते म्हणत.

माजघर

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण या आठवड्यात वाचनात आलेल्या एका माणसामुळे माझे मत बदलले आहे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनचे संघीय न्यायाधीश वेटीज वॉरिंग. पिढ्यान्‌पिढ्या त्याच शहरात राहिलेले प्रतिष्ठित घराणे. १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना नेमले. १९४७ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची गोऱ्यांपुरती असलेली प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) बेकायदा ठरवली आणि १९५१ मध्ये शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या 'ब्रिग्ज' खटल्यातील विरोधी मतात, वेगळे ठेवणे हीच विषमता आहे, असे लिहिले. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालय त्याच जागी पोहोचले. त्यांनाही तहहयात नेमणूक होती. परंतु गावाने त्यांच्याशी संबंध तोडले, घरावर दगड आले आणि १९५२ मध्ये ते पद सोडून न्यूयॉर्कला निघून गेले.

ढाल दोघांकडे होती आणि धैर्यही दोघांकडे होते. तरी एक राहिला आणि दुसरा गेला. मला वाटते, फरक विन्स्टन परगण्याचा आहे. १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटले, तेव्हा त्या डोंगराळ परगण्याने विरोध केला होता; आजही त्याला थट्टेने 'विन्स्टनचे स्वतंत्र राज्य' म्हणतात. बाकी राज्य डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुठीत असताना तिथले लोक रिपब्लिकन राहिले. जॉन्सन यांचे वडीलही त्याच पक्षाचे आणि तेही न्यायाधीश. माँटगोमेरीच्या उच्चभ्रू समाजात जॉन्सन कधी रुजलेच नव्हते, त्यामुळे क्लबातून येणारी आमंत्रणे बंद झाली, तरी त्यांचे फारसे काही गेले नाही. वॉरिंग यांचे मात्र सगळे गावच गेले.

सातारकर_मनीषा

हे पटले. आपल्याकडे नवीन न्यायाधीश गावात आले, की पहिली सहा महिने लग्नाच्या पत्रिकांचा ढीग पडतो. आमच्याकडे पूर्वी एक न्यायाधीश होते, ते एकाही लग्नाला गेले नाहीत. लोक त्यांना माणूसघाणे म्हणत. त्यांच्यासमोर काम चालवताना मात्र दोन्ही बाजूंचे पक्षकार निर्धास्त असत.

खडूस

@माजघर, वॉरिंग यांच्यावर स्वतंत्र धागा काढा. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या त्याच न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव दिले गेले आहे. इमारतींचे नामकरण करताना गावाला फारसा त्रास होत नाही, हे निरीक्षण तिथे सविस्तर मांडीन.

माजघर

काढतो. पुढच्या शनिवारपर्यंत मुदत द्यावी.

मिशिगनकर

मुदत मंजूर. तेहतीस वर्षे लावू नयेत.